किझोम्बा : अंगोलातील युग्मनृत्याची सांस्कृतिक मुळे आणि त्याच्या शिक्षणाचे बदलते स्वरूप

प्रस्तावना :

नृत्याचा इतिहास लिहिताना अभ्यासकाची दृष्टी सामान्यतः रंगमंच, राजाश्रय किंवा धर्मविधी यांच्याकडे वळते. या तिन्ही ठिकाणी काही ना काही लिखित पुरावा मागे उरतो. ज्या नृत्याला रंगमंच नाही, प्रेक्षक नाही, ग्रंथ नाही आणि गुरुपरंपराही नाही, अशा नृत्याचा इतिहास मात्र बहुधा अलिखितच राहतो. लग्नसमारंभात, नामकरणविधीनंतर किंवा आठवड्याच्या अखेरीस घराच्या अंगणात स्त्री-पुरुषांनी जोडीने केलेले सामाजिक नृत्य या प्रकारात मोडते. आफ्रिका खंडाच्या नैर्ऋत्य भागातील अंगोला या देशात रुजलेले ‘किझोम्बा’ हे युग्मनृत्य त्याचे ठळक उदाहरण होय.

गेल्या तीन दशकांत हे नृत्य लुआंडा शहरातून लिस्बनमध्ये, लिस्बनमधून पॅरिस, लंडन व अन्य युरोपीय शहरांत आणि तेथून इतर खंडांत पोहोचले. त्याचे वर्ग भरतात, महोत्सव होतात, शुल्क आकारले जाते. एकेकाळी जे नृत्य कोणी कोणाला ‘शिकवत’ नव्हते, ते आज प्रामुख्याने शिकवले जाते. हा बदल केवळ प्रसाराचा नसून ज्ञानाच्या स्वरूपातील बदल आहे, आणि तोच प्रस्तुत लेखाचा केंद्रविषय आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

1) किझोम्बा या नृत्याच्या सांस्कृतिक व ऐतिहासिक मुळांचा शोध घेणे.
2) वसाहतकाळ, स्वातंत्र्यलढा आणि यादवी युद्ध यांचा या नृत्याच्या जडणघडणीशी असलेला संबंध स्पष्ट करणे.
3) अंगणातील अनौपचारिक अध्ययनाकडून नृत्यवर्गातील औपचारिक अध्यापनाकडे झालेल्या संक्रमणाचे परिणाम तपासणे.

‘किझोम्बा’ या संज्ञेचा अर्थ :

‘किझोम्बा’ हा शब्द लुआंडा व तिच्या परिसरात बोलल्या जाणाऱ्या किम्बुंडू या बांटू कुलातील भाषेतला आहे. त्याचा मूळ अर्थ ‘नृत्य’ असा नसून ‘लोकांनी एकत्र येऊन केलेला उत्सव’ असा आहे. किम्बुंडूत नामांचे वचन उपसर्गाने बदलते. त्यामुळे ‘किझोम्बा’चे अनेकवचन ‘इझोम्बा’ असे होते. अंगोलातील ज्येष्ठ लोकसंस्कृती अभ्यासक ऑस्कर रिबाश यांनी 1965 मध्ये लुआंडातील करमणूक मंडळांविषयी जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याचे शीर्षकच ‘इझोम्बा’ असे होते. म्हणजे 1965 मध्ये या शब्दाने मंडळ, मेळावा आणि सहभोजन यांचा बोध होत होता. विशिष्ट पदन्यासाचा नव्हे. ब्राझीलमध्येही हा अर्थ टिकून होता. 1988 मध्ये, तेथील गुलामगिरीच्या उच्चाटनाच्या शताब्दीवर्षी, रिओ द जानेरो येथील व्हिला इझाबेल या सांबा मंडळाने कार्निव्हलमध्ये जो विजयी देखावा सादर केला, त्याच्या नावात ‘किझोम्बा’ हा शब्द होता आणि तेथेही त्याचा अर्थ ‘कृष्णवर्णीयांचा उत्सव’ असाच होता.

एका विशिष्ट संगीतप्रकाराला व त्यावरील युग्मनृत्याला हे नाव मिळाले ते 1980 च्या दशकात. संज्ञेचा हा प्रवास लक्षात घेतल्यास एक गोष्ट स्पष्ट होते. नृत्य हे आधी प्रसंगाचे अंग होते. प्रसंगापासून अलग काढून त्याला स्वतंत्र नाव मिळणे ही नंतरची घटना होय.

मुसेक वस्त्या, मासेम्बा आणि रेबिटा :

लुआंडा शहराची स्थापना पोर्तुगीजांनी 1576 मध्ये केली. अटलांटिक महासागरापलीकडे गुलाम पाठवणारे हे एक प्रमुख बंदर होते. शहराच्या डांबरी रस्त्यांच्या पलीकडे, तांबड्या वाळूच्या जमिनीवर आफ्रिकी लोकांच्या वस्त्या वाढल्या. त्यांना ‘मुसेक’ असे म्हणतात. या किम्बुंडू शब्दाचा संबंधही वाळूच्या जमिनीशी आहे. 1940 मध्ये सुमारे 61 हजार लोकसंख्या असलेले हे शहर 1970 पर्यंत पावणेपाच लाखांच्या घरात पोहोचले. कॉफीच्या भाववाढीमुळे पोर्तुगालमधून आलेले गोरे वसाहतकरी आणि ग्रामीण भागातून रोजगारासाठी आलेले आफ्रिकी लोक, अशा दोन्ही बाजूंनी ही वाढ झाली. गोऱ्यांच्या आगमनाबरोबर जुनी आफ्रिकी कुटुंबे शहराच्या मध्यभागातून मुसेककडे ढकलली गेली. त्यामुळे मुसेकमध्ये शिक्षित कारकून, बंदरावरील हमाल, शिंपी, विक्रेत्या स्त्रिया आणि नवागत शेतकरी एकाच गल्लीत राहू लागले. या सरमिसळीतूनच शहरी अंगोलन संगीत व नृत्य घडले.

या नृत्याच्या सर्वांत जुन्या थरात ‘मासेम्बा’ येतो. नर्तक-नर्तकी लयीवर समोरासमोर येऊन एका विशिष्ट क्षणी पोटाला पोट स्पर्शून मागे सरतात, त्या क्रियेला हे नाव आहे. ‘सेम्बा’ हे अंगोलाच्या प्रसिद्ध संगीतप्रकाराचे नाव याच शब्दापासून आले. ब्राझीलमधील ‘सांबा’ या शब्दाचा संबंधही अनेक अभ्यासक याच कुळाशी जोडतात. युरोपीय प्रवासी व धर्मोपदेशक यांनी या स्पर्शाचे वर्णन बहुधा ‘अश्लील’ असे केले. वस्तुतः वर्तुळात उभ्या असलेल्या समुदायापुढे, ठरलेल्या ठेक्यावर, क्षणभर होणारा हा स्पर्श म्हणजे सहनर्तकाला दिलेले आमंत्रण असे.

दुसरा थर ‘रेबिटा’चा. या नृत्यात जोड्या वर्तुळाकार फिरतात, एक सूत्रधार मोठ्याने आज्ञा देतो आणि त्याबरहुकूम रचना बदलतात. पुरुष कोट-टोपी परिधान करतात, तर स्त्रिया अंगाभोवती गुंडाळलेल्या वस्त्रांचा पारंपरिक लुआंडा वेश करतात. साथीला कॉन्सर्टिना हे भात्याचे युरोपीय वाद्य आणि ‘दिकान्झा’ हे खाचा पाडलेल्या बांबूवर काडी घासून वाजवण्याचे आफ्रिकी वाद्य असते. जोड्यांची रांग, सूत्रधाराच्या आज्ञा आणि शिष्टाचार हे युरोपातील समूहनृत्यांचे अवशेष आहेत. मात्र रचनेच्या कळसाला येतो तो मासेम्बाच. वसाहतकर्त्यांच्या दिवाणखान्यातील नृत्याची चौकट घेऊन तिच्या मध्यभागी आपला स्पर्श प्रस्थापित करण्याची ही कृती सांस्कृतिक दृष्ट्या अत्यंत अर्थपूर्ण आहे.

जोडीने कवेत घेऊन करावयाच्या नृत्यपद्धतीची वाटचालही याच प्रकारे झाली. आफ्रिकी वर्तुळनृत्ये, युरोपीय युग्मनृत्ये आणि तबकड्या व रेडिओद्वारे आलेले लॅटिन अमेरिकी संगीत यांचा संयोग मुसेकमधील मंडळांत व अंगणांत झाला. म्हणून किझोम्बाचे मूळ ‘शुद्ध आफ्रिकी’ की ‘उसने युरोपीय’, असा प्रश्न उपस्थित करणेच मुळात सदोष ठरते. बंदराच्या शहरात घडलेली ही संमिश्र निर्मिती आहे आणि संमिश्रता हेच तिचे मूळ होय.

वसाहतवादी कायदा आणि नृत्याचे राजकारण :

ही संमिश्रता समान पातळीवर घडलेली नव्हती, हे विसरून चालणार नाही. पोर्तुगीज कायद्याने आफ्रिकी लोकांचे ‘एतद्देशीय’ आणि ‘आसिमिलादो’, म्हणजे पोर्तुगीज संस्कृती आत्मसात केलेले, असे दोन वर्ग केले होते. दुसऱ्या वर्गात प्रवेश मिळवण्यासाठी पोर्तुगीज भाषा, पोशाख आणि राहणी यांचा पुरावा द्यावा लागे. 1950 च्या जनगणनेनुसार सुमारे 40 लाखांच्या आफ्रिकी लोकसंख्येत असे लोक केवळ 30 हजारांच्या आसपास, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी होते. भाषेच्या बाबतीत 1921 मधील 77 क्रमांकाच्या फर्मानाने धर्मोपदेशाचा अपवाद वगळता मिशन शाळांतील आफ्रिकी भाषांच्या वापरावर निर्बंध घातले होते. अशा परिस्थितीत किम्बुंडूत गाणे आणि दिकान्झाच्या ठेक्यावर नाचणे हे निव्वळ मनोरंजन राहत नाही.

1947 मध्ये लिसेऊ व्हिएरा दियास व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘न्गोला रितमोश’ हा वाद्यवृंद स्थापन केला. या मंडळींपैकी अनेकजण शिक्षित वर्गातील होते. त्यांनी मुसेकमधील व ग्रामीण भागातील गीते संकलित केली, ती किम्बुंडूतच गायिली आणि ढोल व दिकान्झाची लय गिटारवर आणली. आधुनिक सेम्बाचा पाया यातून घातला गेला. ज्या वर्गाला ‘आपले ते टाका आणि पोर्तुगीज व्हा’ असे सांगितले जात होते, त्याच वर्गाने आपले ते पुन्हा उचलून धरले. 1959 मध्ये राष्ट्रवाद्यांच्या धरपकडीत लिसेऊ व्हिएरा दियास आणि आमादेऊ आमोरिम यांना अटक झाली व पुढे त्यांना केप व्हर्दे बेटांवरील ताराफालच्या छावणीत पाठवण्यात आले.

फेब्रुवारी 1961 मध्ये लुआंडातील तुरुंगावरील हल्ल्याने सशस्त्र लढ्याला तोंड फुटले. त्यानंतर त्याच वर्षी ‘एतद्देशीय’ हा कायदेशीर वर्ग रद्द करण्यात आला. परंतु गुप्त पोलिसांची पाळतही वाढली. उघड राजकीय संघटन अशक्य झाले, तेव्हा मुसेकमधील करमणूक मंडळे व नृत्यरजनी यांना आगळे महत्त्व प्राप्त झाले. अमेरिकन इतिहासकार मारिसा मूरमन यांनी 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इंटोनेशन्स’ या ग्रंथात असे प्रतिपादन केले आहे की, अंगोलन राष्ट्रभावना केवळ जंगलातील गनिमी छावण्यांत घडली नाही. ती लुआंडाच्या मुसेकमधील संगीत आणि नृत्याच्या जागांतही घडली. लोक तेथे पैसे देऊन तिकीट काढत, आपल्या भाषेतील गाणी ऐकत आणि परस्परांच्या कवेत नाचत. राष्ट्र म्हणजे काय याचा अनुभव त्यांनी घोषणांआधी लयीतून घेतला, हे त्या विवेचनाचे मर्म होय.

परदेशातही हा धागा अखंड राहिला. पोर्तुगालमध्ये धावपटू म्हणून गाजलेले बोंगा यांनी नेदरलँड्समध्ये आश्रय घेतला आणि 1972 मध्ये रॉटरडॅम येथे, केप व्हर्देच्या स्थलांतरितांच्या ध्वनिमुद्रण संस्थेसाठी, ‘अंगोला 72’ ही ध्वनिमुद्रिका तयार केली. पुढे ज्या समुद्रपार जाळ्यातून किझोम्बा पसरणार होता, त्याची पहिली रेषा येथे उमटलेली दिसते.

स्वातंत्र्य, यादवी आणि किझोम्बाचा उदय :

11 नोव्हेंबर 1975 रोजी अंगोला स्वतंत्र झाला आणि लगेचच यादवी युद्धाच्या खाईत लोटला गेला. संगीतक्षेत्रावर सर्वांत मोठा आघात मात्र सत्ताधारी पक्षातील अंतर्गत संघर्षातून झाला. 27 मे 1977 च्या फसलेल्या उठावानंतर झालेल्या दडपशाहीत असंख्य लोक मारले गेले. त्यांत दावीद झे, उर्बानो द काश्त्रो आणि आर्तुर नुनेश हे सेम्बाचे तीन लोकप्रिय गायकही होते. या हत्यांबद्दल अंगोलाच्या राष्ट्राध्यक्षांनी राज्याच्या वतीने जाहीर क्षमा मागितली ती 2021 मध्ये. ज्या गायकांच्या आवाजावर एक पिढी नाचली, त्यांचा असा अंत झाल्यानंतर संगीताचा सूर बदलणे अपरिहार्य होते.

1980 च्या दशकात लुआंडात कॅरिबियन बेटांवरील ‘झूक’ संगीताची लाट आली. ग्वादलुप व मार्टिनिक येथील कलावंतांनी 1979 मध्ये स्थापन केलेल्या ‘कासाव’ या वाद्यवृंदाचे त्या दशकात लुआंडातही कार्यक्रम झाले. एदुआर्दो पाइम यांच्यासारख्या तरुण संगीतकारांनी सेम्बाची घडण, झूकचा संथ ठेका आणि नव्याने उपलब्ध झालेली इलेक्ट्रॉनिक वाद्ये यांचा मेळ घातला. पाउलो फ्लोरेश यांचा पहिला संग्रह 1988 मध्ये आला. या नव्या संगीताला ‘किझोम्बा’ हे नाव मिळाले.

किझोम्बा म्हणजे झूकचेच अंगोलन रूप की सेम्बाची संथ आवृत्ती, याविषयी वाद आहे. संगीत आणि नृत्य यांचा विचार स्वतंत्रपणे केल्यास हा वाद पुष्कळसा निवळतो. संगीताच्या ठेक्यावर झूकचा प्रभाव उघड आहे. नृत्याचे पदन्यास मात्र सेम्बाच्या जोडीनृत्यातून आलेले आहेत. लुआंडातील लोक नव्या, संथ संगीतावर आपलेच जुने पाय टाकू लागले. ताल बदलला तरी चाल राहिली.

युद्धाच्या काळात या नृत्याला एक निराळा सामाजिक अर्थ प्राप्त झाला. लुआंडात संचारबंदी असे. रात्री रस्त्यावर फिरता येत नसे. त्यामुळे अंगणातील मेजवानीला आलेले लोक पहाटेपर्यंत तेथेच थांबत. बाहेर अनिश्चितता आणि आत दीर्घ, संथ, परस्परांना सांभाळून घेणारे नृत्य, असे हे चित्र आहे. यादवी युद्ध एप्रिल 2002 मध्ये संपले. म्हणजे स्वातंत्र्यानंतरची 27 वर्षे या नृत्याने युद्धाच्या सावलीत काढली.

अंगणातील अध्ययन :

अंगोलातील नर्तक आपण नृत्य कसे शिकलो हे सांगताना बहुधा गुरूचे नाव घेत नाहीत. आई, मावशी, थोरली बहीण किंवा चुलतभाऊ यांची नावे घेतात. घराच्या अंगणातील मेजवानीत आजीपासून नातवंडांपर्यंत सर्व एकत्र असत. लहान मूल मोठ्यांचे निरीक्षण करी, त्यांचा हात धरून चार पावले टाकी, चुके, हसू होई आणि पुन्हा उठे. येथे शिकण्याची वेळ आणि नाचण्याची वेळ वेगळी नव्हती. परीक्षा नव्हती, पण सामाजिक मूल्यमापन अवश्य होते. कोणाबरोबर किती अंतर राखावे, वडीलधाऱ्या स्त्रीला नृत्याचे आमंत्रण कसे द्यावे, गाणे संपल्यावर तिला तिच्या जागेपर्यंत कसे पोहोचवावे, हे सर्व पदन्यासाबरोबरच आत्मसात होई.

या नृत्याची तांत्रिक बाजू पाहिल्यास असे अध्ययन का शक्य झाले याचा उलगडा होतो. किझोम्बात दोघांमधील संवाद हातांनी नव्हे, तर मुख्यतः छातीच्या व पोटाच्या संपर्कातून होतो. पुढाकार घेणारा आपला भार ज्या पायावर नेतो, त्याची जाणीव सहनर्तकाला शरीरातूनच होते. गुडघे किंचित सैल ठेवून भार एका पायावरून दुसऱ्यावर नेल्यास कमरेची मंद हालचाल आपोआप उत्पन्न होते. तिला ‘जिंगा’ असे म्हणतात. ती मुद्दाम करावयाची नसते. ‘साईदा’ म्हणजे ‘बाहेर पडणे’ या पायाभूत रचनेत एकजण वाट मोकळी करतो आणि दुसरा त्याच्या बाजूने पुढे जातो. हे सारे भार, श्वास आणि प्रतीक्षा यांवर अवलंबून आहे. अशी कौशल्ये शब्दांत सांगणे कठीण. जाणकार व्यक्तीच्या सहवासात ती सहज येतात.

लिस्बन : स्थलांतर आणि नृत्यवर्गाचा उदय :

1974 च्या एप्रिलमध्ये पोर्तुगालमधील हुकूमशाही कोसळली आणि त्यानंतर वसाहतींतून लाखो लोक पोर्तुगालमध्ये आले. पुढे युद्ध व दारिद्र्य यांमुळे अंगोला, केप व्हर्दे आणि गिनी-बिसाऊ येथून कामगारांचे स्थलांतर सुरूच राहिले. त्यांपैकी अनेकांनी लिस्बनच्या परिघावरील वस्त्यांत घरे उभारली. बांधकामावर व घरकामात आठवडाभर राबणाऱ्या या लोकांसाठी ‘आफ्रिकी डिस्को’ म्हणून ओळखली जाणारी नृत्यगृहे ही विसाव्याची ठिकाणे होती. तेथे अंगोलन किझोम्बा, केप व्हर्देचे कोलादेरा आणि झूक एकाच रात्रीत वाजत. गोऱ्या पोर्तुगीज समाजाने बराच काळ या स्थळांकडे संशयाने पाहिले.

1990 च्या दशकापासून चित्र हळूहळू पालटले. काही अंगोलन नर्तकांनी हे नृत्य इच्छुकांना शुल्क घेऊन शिकवण्यास प्रारंभ केला. युरोपात तोवर साल्सा नृत्याचे वर्ग व महोत्सव स्थिरावले होते. 2000 नंतर किझोम्बा त्याच चौकटीत बसवला गेला. चौकटीची मागणी स्पष्ट होती : पावलांना क्रमांक हवेत, मोजणी हवी, प्रारंभिक-मध्यम-प्रगत अशा पायऱ्या हव्यात, आणि एका तासात काहीतरी ‘शिकल्याचे’ समाधान हवे. परिणामी ‘बेसिक एक, दोन, तीन’ अशी मूलपावले निश्चित झाली. जे ज्ञान सहवासातून येत होते, त्याचा अभ्यासक्रम तयार झाला.

या स्थित्यंतराकडे केवळ ऱ्हास म्हणून पाहणे योग्य होणार नाही. नृत्यवर्गामुळे स्थलांतरित अंगोलन नर्तकांना उपजीविकेचे साधन मिळाले. बांधकामावरील मजूर ‘शिक्षक’ म्हणून ओळखला जाऊ लागला. ज्यांना अंगोलन कुटुंब लाभलेले नाही, त्यांच्यासाठीही या नृत्याचे दार उघडले. परंतु दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. स्पॅनिश मानववंशशास्त्रज्ञ लिव्हिया हिमेनेझ सेदानो यांनी लिस्बनमधील क्षेत्राभ्यासातून दाखवून दिले आहे की, किझोम्बाच्या जागतिक बाजारपेठेची रचना जुन्या विषमतेच्या आधारेच झाली आहे. वर्गात शिकलेले विद्यार्थी आणि आफ्रिकी डिस्कोत नाचणारे स्थलांतरित यांची नृत्यस्थळे पुष्कळदा परस्परांपासून अलगच राहतात. नृत्य समाजाच्या मध्यभागी पोहोचते, माणसे मात्र परिघावर राहतात.

स्वरूपाचा वाद आणि नावाचा प्रश्न :

पॅरिस व इतर युरोपीय शहरांत 2010 नंतर या नृत्यातून आणखी एक शैली निघाली. त्यात दोघांमधील अंतर वाढले, पाय ताठ झाले, रेषा सरळ झाल्या आणि संगीतही इलेक्ट्रॉनिक मिश्रणांकडे झुकले. आरंभी ही शैली किझोम्बा या नावानेच शिकवली जात होती. अंगोलन शिक्षकांनी यावर आक्षेप घेतला. कोणी कसे नाचावे यावर त्यांचा रोख नव्हता. दुसऱ्या नृत्याला आपले नाव देऊन आपली स्मृती पुसू नये, एवढेच त्यांचे म्हणणे होते. कालांतराने ‘अर्बन किझ’ असे स्वतंत्र नाव रूढ झाले. नाव वेगळे केल्याने दोन्ही प्रकारांना आपापली वाट मिळाली, हा या वादाचा विधायक परिणाम म्हणावा लागेल.

जाहिरातींतील प्रतिमेचा प्रश्न यापेक्षा गंभीर आहे. ‘आफ्रिकी टँगो’, ‘सर्वांत मादक नृत्य’ अशा विशेषणांनी किझोम्बाची विक्री होऊ लागली. एकोणिसाव्या शतकातील प्रवाशांनी मासेम्बाला अश्लील ठरवले. एकविसाव्या शतकातील जाहिरातदाराने त्याच स्पर्शाला मादक ठरवले. एकाने निंदा केली, दुसऱ्याने स्तुती. परंतु आफ्रिकी शरीराकडे पाहण्याची दृष्टी दोघांचीही एकच. ज्या नृत्यात नातू आजीबरोबर सहजपणे नाचतो, त्याचा अर्थ या दोन्ही दृष्टींना कळलेला नाही.

गोव्याशी असलेला संबंध :

अंगोला आणि गोवा हे दोन्ही प्रदेश पोर्तुगीज सत्तेचे भाग होते, आणि 1961 हे वर्ष दोन्हींच्या इतिहासात निर्णायक ठरले. फेब्रुवारीत लुआंडात उठाव झाला, तर डिसेंबरात गोवा मुक्त झाला. मधल्या एप्रिल महिन्यात कासाब्लांका येथे पोर्तुगीज वसाहतींतील राष्ट्रवादी संघटनांची जी परिषद झाली, तीत गोव्याचे सुपुत्र आकिनु द ब्रागांसा यांचा सक्रिय सहभाग होता.

सांस्कृतिक पातळीवरही समांतरता आढळते. गोव्यातील ख्रिस्ती कुटुंबांत एकोणिसाव्या शतकात विकसित झालेल्या ‘मांडो’ या नृत्यगीतात स्त्री-पुरुष समोरासमोरच्या रांगांत, पंखे व रुमाल हाती घेऊन संथपणे सरकतात. साथीला व्हायोलिनबरोबर घुमट असतो. युरोपीय समूहनृत्याची चौकट, कोकणी शब्द आणि मातीचे वाद्य यांचा हा संगम रेबिटातील कॉन्सर्टिना व दिकान्झाच्या संगमाची आठवण करून देतो. मात्र सामाजिक स्थान भिन्न आहे. मांडो भूधारक कुटुंबांच्या दिवाणखान्यात वाढला, तर सेम्बा आणि किझोम्बा मुसेकच्या तांबड्या मातीत. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील भारतीय वंशाच्या प्राध्यापिका अनन्या जहानआरा कबीर यांनी आफ्रो-अटलांटिक युग्मनृत्यांचा आणि हिंदी महासागरातील संमिश्र संस्कृतींचा एकत्रित विचार केला आहे. मराठी व कोकणी अभ्यासकांसाठी तुलनात्मक संशोधनाचे हे एक मोठे क्षेत्र खुले आहे.

निष्कर्ष :

1) किझोम्बाची मुळे एका शुद्ध परंपरेत नसून मासेम्बा, रेबिटा, सेम्बा आणि झूक अशा थरांच्या संचयात आहेत. या थरांना जोडणारी भूमी म्हणजे लुआंडाची मुसेक वस्ती होय.
2) वसाहतकाळात हे संगीत व नृत्य राष्ट्रभावनेच्या जडणघडणीचे माध्यम होते, आणि त्याची किंमत कलावंतांनी तुरुंगवासाने मोजली. स्वातंत्र्यानंतर स्वकीयांच्या सत्तेनेही कलावंतांचे बळी घेतले.
3) किझोम्बा हे संगीत 1980 च्या दशकात घडले, नृत्यातील चाल मात्र त्याहून जुनी आहे.
4) अंगणातून वर्गात येताना पदन्यास टिकले, परंतु त्यांच्याभोवतीचा शिष्टाचार, पिढ्यांचा सहवास आणि स्मृती मोठ्या प्रमाणात गळून पडली.
5) शिक्षणाच्या औपचारिकीकरणाने उपजीविका व प्रसार साधला, तरी सामाजिक विषमता त्यामुळे आपोआप दूर झाली नाही.

समारोप :

कोणतेही ज्ञान अभ्यासक्रमात आणताना त्याचे तुकडे करावे लागतात; त्यावाचून अध्यापन शक्य नाही. प्रश्न असतो तो कोणता तुकडा बाहेर राहतो याचा. किझोम्बाच्या वर्गात ‘बेसिक एक’ शिकवता येते, साईदा शिकवता येते. परंतु संचारबंदीच्या रात्री पहाटेची वाट पाहत एकमेकांना सांभाळणारे अंगण शिकवता येत नाही. ते निदान सांगता येते. ज्या वर्गात पावलांबरोबर न्गोला रितमोशची अटक, 1977 चे बळी आणि मुसेकमधील अंगणे यांची कथा सांगितली जाईल, त्या वर्गातील विद्यार्थी अंगोलन होणार नाही. पण आपण कोणाच्या अंगणात पाहुणे म्हणून आलो आहोत, याची जाणीव त्याला निश्चित होईल. आमंत्रणाने प्रवेश करावा आणि गाणे संपल्यावर सहनर्तकाला सन्मानाने त्याच्या जागी पोहोचवावे, हा या नृत्याचाच मूळ शिष्टाचार आहे. अन्य समाजाची संस्कृती शिकणाऱ्या प्रत्येकाने तो पाळण्याजोगा आहे.